चऱ्होलीच्या मळ्यातला मर रोग

“वांग्याचा मळा बसला. हे शेती सोडून कारखान्यात जायचं म्हणतायत. येऊन जा,” असा चऱ्होलीहून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा निरोप आला आणि मी सकाळीच सायकल काढली. गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी तेव्हा पुण्यात शेतकी शिकत होतो.

आज चऱ्होलीला जाल तर इमारतीच दिसतील. तेव्हा दापोडी मागं पडली की दोन्ही बाजूंना बाजरीची रानं लागायची. भोसरीत गरम भजी आणि चहा घेतला. पुढं बैलगाडीची चाकोरी. चिखलामुळं बरीच वाट सायकल ढकलतच गेलो.

मळ्यात झाडं हिरवी असूनही माना टाकून उभी होती.

“पाणी देऊनबी सुकत्यात,” दाजी म्हणाले. “म्हादूनंच मुळाशी कायतरी टाकलंय.”

म्हादू त्यांचा धाकटा भाऊ. शेजारीच त्याचं रान, विहीर सामाईक. पण दोघांचं बोलणं बंद.

मी एक झाड उपटलं, बुंध्याचा तुकडा कापला आणि अक्कानं दिलेल्या काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरला. थोड्या वेळानं कापातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरू लागली.

“दाजी, हे विष नाही. ही धार रोगजंतूंची. हा मर रोग. मातीतून मुळात शिरतो, पाणी वर चढू देत नाही.”

दाजी ग्लास उजेडात धरून बघू लागले. मीच बांध ओलांडून म्हादूकडं गेलो. त्याचीही वांगी तशीच, ग्लासात तशीच धार. त्याला घेऊन परत आलो.

“दादा, मला वाटलं तूच कायतरी केलंस,” तो खाली बघत म्हणाला.

दुपारभर आम्ही तिघांनी रोगट झाडं मुळासकट उपटली, वाळवून जाळायला बांधावर रचली. रोग पाण्यातून, अवजारांतून पसरू नये म्हणून दाजींच्या रानातून म्हादूकडं जाणारा पाट बुजवला, खुरपी धुतली.

“आता दोन-तीन वर्षं इथं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा नको. ज्वारी, बाजरी घ्या. रोपं दुसऱ्या चांगल्या जमिनीत करा.”

“म्हंजे माती मेली न्हाई?” दाजींनी विचारलं.

“नाही.”

“मंग सोडायची कशाला!”

अक्कानं पिठलं-भाकरी बांधावरच आणली. दाजींनी आपली भाकरी मोडून अर्धी म्हादूपुढं केली.

पुण्याला घरी पोचलो तेव्हा आईनं माझी रिकामी पिशवी पाहिली.

“वांगी नाही मिळाली?”

“नाही,” मी म्हणालो, “पण दोघं भाऊ एकत्र जेवले.”

आईनं देवापुढं साखर ठेवली.