वाकडा भांग

फाल्गुन लागला की माझ्या लेकीचे डोळे लाल व्हायचे. खाज इतकी की मुठीनं चोळत राहायची, आणि सकाळी पापण्यांतून चिकट तार निघायची. पहिल्यांदा झालं तेव्हा सात वर्षांची होती ती, आणि मी घरातली स्वयंघोषित डॉक्टर. निदान ठरलेलं: डोळे आले.

मग माझा कारभार सुरू. टॉवेल वेगळा, उशी वेगळी, आठ-आठ दिवस शाळा बंद. धाकट्याला दम भरायचे, "ताईच्या डोळ्यात बघायचं नाय. तुझेबी येतील." मी स्वतः वेणी पाठीमागून घालायचे आणि मागूनच तिला दाराकडं वळवायचे. मेडिकलमधून डॉक्टरला न विचारता दरवेळी तेच थेंब आणायचे. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा लाल. सोयगावला माझ्या बहिणीकडं सुट्टीत सगळी पोरं जमत. दोन उन्हाळे हिला मी नेलंच नाही.

तिसऱ्या वर्षी तिला उजेड सहन होईना, तेव्हा मात्र घाबरले. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी पापणी उलटून पाहिली. "दरवर्षी याच दिवसांत? घरात आणखी कुणाचे येतात?"

"कुणाचेच नाय," मी तोऱ्यात म्हणाले. "मी कुणाला हिच्याकडं बघूच देत नाय."

बाईंना हसू आवरेना. "अहो, ही अॅलर्जी आहे. धूळ, ऊन, वारा. एकाची दुसऱ्याला होत नाही. आणि डोळे आले तरी नुसतं बघून पसरत नाहीत." मग गंभीर होऊन त्यांनी ते मेडिकलचे थेंब बंद करायला सांगितले; त्यात स्टेरॉइड होतं, त्यानं डोळ्यातला दाब वाढू शकतो, हिचा सुदैवानं वाढलेला नव्हता. दुसरे थेंब, थंड पाण्याच्या पट्ट्या, उन्हात टोपी. मोठी होईल तसं बहुतेक कमी होईल, म्हणाल्या.

स्कूटीवर मागं बसून लेकीनं विचारलं, "आई, मंग माझ्याकडं बघितलं तर चालतं?"

मला माझीच इतकी लाज वाटली की नुसतं "व्हय" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवून वेणी घातली. ती लाल डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. भांग साफ वाकडा आला. तिनं आरशात पाहिलं आणि तशीच शाळेत गेली.

आता ती दहा वर्षांची आहे. टोपी घालून सोयगावची धूळ तुडवून येते. फाल्गुनात डोळे अजून थोडे लाल होतातच. मग सकाळी कंगवा घेऊन ती आपणहून माझ्यासमोर येऊन बसते, आणि त्या दिवसांत तिचा भांग वाकडाच असतो.