जिन्याच्या खिडकीतलं वायफाय

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा भांडी वाटली, शेत वाटलं, बोअरच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या, पण वायफाय कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ते मोठ्या दिरांच्या बैठकीत, टीव्हीशेजारी होतं तिथंच राहिलं. मग दोघा भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली. साधीसुधी नाही, चांगली नऊ इंची. वर दोघांनीही, एकमेकांना न विचारता, आपापलं लोखंडी कपाट त्याच भिंतीला टेकवलं, म्हणजे इकडचं बोलणं तिकडं जायला नको. बोलणं गेलं नाही. नेटही गेलं नाही.

आता हे नेट म्हणजे माझी नोकरी. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरून करते. कुणाचा फ्रिज गार होत नाही, कुणाचं वॉशिंग मशीन थरथरतं. कानाला हेडफोन लावून तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलून समजूत काढायची. दिंद्रुडात बसून दिवसभर मी गोड बोलते, म्हणून घरच्यांसाठी गोडवा शिल्लक राहत नाही, अशी आमच्या ह्यांची तक्रार आहे. ती मी नोंदवून घेत नाही.

भिंत झाल्यापासून माझा आवाज गिऱ्हाइकाला तुटक तुटक जायला लागला. पुण्याच्या मॅडमनी आधी समजुतीनं सांगितलं, मग स्पष्टच सांगितलं, की नेट जमत नसेल तर ऑफिसात येऊन बसा. पुण्याला जायचं म्हणजे नोकरी सोडायची, कारण ह्यांचं बी-बियाणाचं दुकान इथं, लेकीची शाळा इथं. आणि ही नोकरी मी कुणाच्या ओळखीनं नाही, माझ्या जिभेवर मिळवली होती. ती सोडायची कल्पनाही मला सहन होत नव्हती.

नवीन कनेक्शन मागितलं तर केबलवाला म्हणाला, तुमची मागची गल्ली आमच्या लाईनीत येत नाही. मोबाईलची रेंज गच्चीवर टाकीला चिकटून उभं राहिलं तरच. मग मी अभ्यासाला बसले. स्वस्तातला बूस्टर घ्यावा तर तो आलेलं नेट अर्धं करून पुढं देतो. मेश घ्यावं तर महाग, पण त्याच्या डब्या एकमेकींशी बोलून सगळ्या घरात एकसारखं नेट पसरवतात. फायदे-तोटे सांगणारे व्हिडिओ मी ढीगभर पाहिले. तीन मजली बंगल्यात कसं लावायचं, बागेत कसं लावायचं, सगळं होतं. भाऊ भाऊ बोलत नसतील तिथं कसं लावायचं, हे एकाही शहाण्यानं सांगितलेलं नव्हतं.

कारण आमच्याकडं अबोला होता. ट्रॅक्टर कुणाच्या बाजूला उभा राहायचा, एवढ्यावरून. अबोला आमच्याकडं रीतसर पाळतात. मोटर चालू राहिली तर दीर अंगणात येऊन लिंबाच्या झाडाला सांगायचे, "मोटर चालूच हाय म्हणावं." आमचे हे घरातून भिंतीला सांगायचे, "ऐकू आलंय म्हणावं." झाडाला आणि भिंतीला दोघांचाही स्वभाव चांगला पाठ झाला होता.

तरी मी मेश मागवलंच. बीडहून बसवणारा माणूस आला, हातात मोबाईल घेऊन घरभर फिरला आणि म्हणाला, "मुख्य डबी पलीकडं बैठकीत. एक तुमच्या माडीवरच्या खोलीत. पण मधली पलीकडच्या जिन्याच्या खिडकीतच पाहिजे, तिथून अंगण ओलांडून इकडं नीट येतं." झालं! मी मागच्या नळावर जाऊबाईंना गाठलं. आम्हा दोघींचा अबोला फक्त पुढच्या दारी असायचा. त्या म्हणाल्या, "सांगते त्यान्ला." दुसऱ्या दिवशी जिन्याची खिडकी पुसून ठेवलेली होती.

बसवणाऱ्याला बैठकीतल्या डबीपाशी थांबणं भाग होतं. म्हणून एका खिडकीत हे आणि समोरच्या खिडकीत दीर, दोघांच्या हातात एकेक डबी, अशी शोभा झाली. दिवा लाल म्हणजे जुळलं नाही, निळा म्हणजे जुळलं. बराच वेळ दोघं आपापल्या डबीकडं मान घालून उभे. शेवटी हे ओरडले, "तुजा निळा झाला का?"

"न्हाई! लालच हाय!"

"कावून?"

"मला काय म्हाईत? तूच आणलंय हे खूळ!"

"मंग जरा खिडकीच्या भाईर धर की दादा!"

अहो, वर्षभर ज्यांनी एकमेकांकडं पाहिलं नव्हतं ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे भांडत होते. मग दोन्हीकडं निळं झालं. खिडक्या लागल्या. माझं काम मात्र लोण्यासारखं चालू झालं आणि पुण्याच्या मॅडमनी माझं कौतुकही केलं.

काही दिवसांनी मधली डबी बंद पडायला लागली. तीही नेमकी दुपारी, हे जेवायला घरी असताना. माझा दिवा लाल झाला की हे अर्ध्या ताटावरून उठायचे. "दादाला काय कळतंय त्यातलं? मलाच जावं लागंल." गेले की लवकर यायचे नाहीत. नेट येऊन जुनं झालेलं असायचं, ह्यांचा पत्ता नाही.

"डबी चालू करायला एवढा वेळ?" मी विचारायची.

"ती आपली सावकाश चालू होती," हे म्हणायचे आणि उरलेलं ताट तसंच ठेवायचे.

मी डबीच्या कंपनीला शिव्या घातल्या, वायर बदलली, पुन्हा व्हिडिओ पाहिले. दोष सापडेना. मग मनात पाल चुकचुकली. मोठे दीर मुद्दाम तर करत नसतील? माझ्या नोकरीवर त्यांचा राग असेल? असेलच, असं मी स्वतःला पटवूनही दिलं.

त्या दिवशी हे माजलगावला दुकानाचा माल आणायला गेले होते. दुपारी मी एका बाईंची समजूत काढत होते, मॅडम स्वतः लाईनवर ऐकत होत्या, आणि दिवा लाल. लगेच मॅडमचा मेसेज आला: परत असं झालं तर घरून काम बंद. माझं डोकंच फिरलं. ओढणी डोक्यावर घेतली, हेडफोन तसाच गळ्यात, आणि अंगण ओलांडून तरातरा त्यांचा जिना चढले. मोठ्या दिरांसमोर आजवर मी मान वर करून बोलले नव्हते. आज चांगलं खडसावायचं ठरवलं होतं.

दीर खिडकीखालच्या पायरीवर बसले होते. डबीचा प्लग त्यांच्या हातात होता. शेजारी दोन कप चहा, वर बश्या झाकलेल्या.

मला बघून ते गडबडीनं उठले. मग माझ्या मागं, खाली जिन्याकडं वाकून बघायला लागले.

"त्यो न्हाई आला?"

"माजलगावला गेलेत," मी म्हणाले.

"असं व्हय." ते प्लग लावायला लागले. प्लग बोर्डात बसेना. "तुमच्या कामाला लई तरास झाला का?"

राग आला होता तो कुठं गेला कळलंच नाही. मी त्यांच्या हातातून प्लग घेतला आणि लावला.

"भाऊजी, दुपारी नका काढत जाऊ. माझी नोकरी जाईल," मी म्हणाले. "दिवेलागणीला काढा. मी पाठवत जाईन त्यांना."