वादीतला ठोसा
गारा पडून गेल्यावर जो थंड, मातकट वास सुटतो, तो आला की अजूनही माझी उजवी मूठ आपोआप वळते. नव्वदच्या दशकात मी ओमानमधल्या इब्री गावात नोकरीला होतो. एका हिवाळ्यात रात्रभर गारांचा पाऊस झाला आणि डोंगरावर चक्क बर्फ पडला. ओमानमध्ये बर्फ! सकाळीच मी आणि माझा रूममेट तो बघायला वादीतून, म्हणजे तिथल्या नदीच्या पात्रातून, चालत वर निघालो. घोटाभर पाण्याने पाय बधिर झाले होते. दगडांच्या फटीत साचलेला बर्फ ओंजळीत घेऊन मित्र खिदळत होता. एवढ्यात काठावरून एक म्हातारा शेळीवाला ओरडत आला, त्याने मित्राच्या पाठीत सपासप काठ्या हाणल्या आणि केस धरून त्याला ओढायला लागला. "अरे, मारतोय हा! सोडव!" मित्र किंचाळला. मी म्हाताऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला, पांढरी दाढी लाल झाली, तरी त्याने केस सोडले नाहीत. "वादी! वादी! यल्ला!" एवढंच तो ओरडत होता; यल्ला म्हणजे चला. त्या ओढाताणीत आम्ही तिघे कसेबसे काठावर चढलो, आणि वळणावरून तपकिरी पाण्याची भिंत झाडं मोडत, धोंडे आपटत आली. आम्ही उभे होतो ती जागा दिसेनाशी झाली. मी हात जोडले. तो रक्त थुंकला, "खलास," म्हणजे झालं, संपलं, एवढंच म्हणाला आणि शेळ्यांकडे निघून गेला. आज मी त्याच्या वयाचा आहे. माझा दात पाडणाऱ्याला मी असं धरून ठेवलं असतं का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.