नसीमबानूच्या दुकानातला खरा उजेड

कसबा पेठेत लग्नपत्रिका छापणाऱ्या नसीमबानूची रंगाची नजर मोठी तयार होती. गिऱ्हाइकाने साडीचा काठ आणावा, विड्याचं पान आणावं, एकदा तर एका आजोबांनी डोक्यावरचा फेटाच काढून टेबलावर ठेवला. नसीमबानू डब्यांतून थोडी थोडी शाई काढायची, काचेवर पात्याने घोटायची आणि तोच रंग उतरवायची. ही विद्या तिला सासऱ्यांनी, शमशुद्दीनमियांनी शिकवली. ते गेल्यावरही सून शाई घोटत राहिली आणि त्यांचा मुलगा अल्ताफ पत्रिका कापत, घड्या घालत राहिला.

पुढे जुनी इमारत नव्याने बांधायला निघाली. गच्चीवरची लख्ख उजेडाची खोली गेली आणि दुकान बोळातल्या एका तळमजल्यावर आलं. तिथे भर दुपारीही ट्यूब लावावी लागे.

अशात लोणी काळभोरचे उत्तरेश्वर शितोळे आले. त्यांच्या मुलीचं, उत्कर्षाचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिका तिच्या डाळिंबी शालूच्या रंगाचीच हवी होती. त्यांनी ब्लाउजपीस दिला, नसीमबानूने रंग जुळवला, पत्रिका छापून झाल्या. न्यायला आलेले उत्तरेश्वर एक पत्रिका हातात घेऊन बोळात गेले आणि तिथूनच ओरडले, “अवो वहिनी, शालू डाळिंबी हाय. ही पत्रिका इटांच्या भट्टीवर छापली काय?”

नसीमबानूने त्यांना आत बोलावून पत्रिका कापडाशेजारी धरली. “हे बघा. आहे का फरक?”

“आतमंदी न्हाय. मग पावण्यांना पत्रिका वाचाया तुमच्या दुकानात धाडू का?”

ती बाहेर गेली. पत्रिका खरंच विटकरी होती. आत आली, डाळिंबी. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिचा चेहरा उतरला. “नवीन छापून देते,” एवढंच ती म्हणाली. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र तिने अल्ताफला हळूच विचारलं, “अहो, माझी नजर गेली का?”

“नजर गेली असती तर बाहेर फरक दिसला असता का?” अल्ताफने वर बोट दाखवलं. “ही ट्यूब खोटं बोलतेय.”

दुसऱ्या दिवशी दोघं बुधवार पेठेत दिव्यांच्या दुकानात गेले. मालक अनंतराव पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “दिवा उजेडासाठी हवाय, की शोभेला?”

नसीमबानूने पत्रिका आणि कापड त्यांच्यासमोर ठेवलं. “हे दोन्ही ज्यात वेगळे दिसतील, असा दिवा द्या.”

आता पेपर खाली आला. “लोक चांगलं दिसावं म्हणून दिवे नेतात. तुम्ही खोड काढायला नेताय!” पण माणसाला गंमत वाटली असावी. त्यांनी एकेक दिवा लावायला सुरुवात केली. पिवळ्यात दोन्ही रंग एकसारखे. सर्वांत पांढऱ्याशुभ्र दिव्यात दोन्ही मेल्यासारखे, तरी एकसारखेच.

“पांढरा म्हणजे खरा, असं नसतं,” अनंतराव म्हणाले आणि मागच्या फळीवरून एक खोका काढला. “दिव्यात रंग किती खरे दिसतात, त्याचा हा आकडा. शंभरापैकी पंच्याण्णवच्या वर बघा.”

दिवा लागला. कापड डाळिंबी, पत्रिका वीट.

“हाच! हाच!” नसीमबानूने टाळीच वाजवली.

“स्वतःची चूक दिसल्यावर एवढं खूश झालेलं गिऱ्हाईक मी आजच बघितलं,” अनंतराव म्हणाले. तिने तसेच दोन दिवे घेतले आणि वर एक पिवळा बल्ब मागितला. पत्रिका घराघरांत संध्याकाळीही पाहिल्या जातात, तेव्हा रंग दोन्हीकडे टिकला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

बोळातल्या दुकानात नवे दिवे लागले, पण कोरा कागद हिरवट दिसू लागला. तिने भिंतीकडे पाहिलं. अल्ताफने नुकताच हौसेने दिलेला पोपटी रंग कागदावर उतरत होता.

“भिंत राखाडी करा,” ती म्हणाली.

“पोपटीने काय घोडं मारलंय?”

“अहो, करा ना.”

अल्ताफ दिवसभर कुरकुरत ब्रश फिरवत होता. शेजाऱ्यांनी “दुकान आहे की गोदाम?” असं विचारून घेतलं. नसीमबानूने मात्र शाईची सगळी घडण बदलली. आधी तिने नारिंगीत काळा मिसळला होता. आता गडद गुलाबी घेतला आणि निळ्याचा जेमतेम ठिपका. नवा दिवा, पिवळा बल्ब, बोळातलं ऊन, तिन्हीकडे रंग कापडाला धरून राहिला. पुष्कळ दिवसांनी ती काम करताना गुणगुणत होती.

उत्तरेश्वरांनी पत्रिका उन्हात नेली, आत आणली, परत उन्हात नेली. “आता कापड कंचं न् कागद कंचा, कळंना बगा,” ते म्हणाले आणि दोघांना लग्नाचं आमंत्रण देऊनच गेले.

लग्न लोणीला मोठ्या लॉनवर होतं. नसीमबानू हौसेने नवरीजवळ गेली आणि थबकली. मंडपवाल्याने स्टेजवर जांभळे दिवे सोडले होते. नवरीचा शालू पार वांग्यासारखा दिसत होता. अल्ताफने खिशातून पत्रिका काढली. तीही वांगी. उत्कर्षाला तर हसू आवरेना.

उत्तरेश्वर घाईघाईने आले. “वहिनी, आता ओ काय करायचं?”

“आता काही नाही,” नसीमबानू म्हणाली. “जेवायला कुठे बसायचं तेवढं सांगा.”