पाखऱ्याचा खांदा

पुंडलिक एकेकाळी बैलाला टोचायची पराणी हातात घेतल्याशिवाय शेतात जात नसे. एकदा तिचा खिळा पाखऱ्याच्या पुठ्ठ्यात मोडला, बैल नांगराच्या तासातच खाली बसला आणि पुंडलिकचं डोकं फिरलं ते कायमचं. पराणी चुलीत गेली. मागोमाग फवारणीचा पंप भंगारात गेला, तणनाशक बंद झालं. चितेगावच्या आसपासचे लोक आधी हसले, मग ऐकू लागले, कारण गडी बोलायचा झकास. शहरातल्या एका संस्थेनं त्याला उचलून धरलं. आज गारखेड्यात भाषण, उद्या बिडकीनला शिबिर. ‘जमिनीला विष नको, मुक्या जिवाला मार नको,’ हे त्याचं वाक्य बॅनरवर छापलं गेलं.

तण मात्र भाषणाला दाद देत नाही. औषध बंद म्हणजे कोळपणी वाढली, आणि कोळपं ओढायला बैल. यंदा तर कपाशीत गवत माजलं होतं. पुंडलिक संस्थेच्या गाडीत, औतावर सालगडी फकिरा. शेवटी बायकोनं, द्वारकाबाईनं फोन केला, “एक डाव औषध मारू द्या, बैलं थकलीत.”

“लोकं काय म्हणतील मला?” असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्याला सभेत बोलायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. जुवाखाली झिजलेला खांदा मालकानं स्वतःच्या हातानं लोणी-हळद लावून मळायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पुंडलिक सत्काराची शाल अंगावर घेऊनच गोठ्यात शिरला. खांद्याला हात लागला तसा पाखऱ्या हिसडा देऊन मागं सरला. कातडं सोलून निघालं होतं, आत लालभडक मांस.

“फकिरा! मारलंस का रं बैलाला?”

“नाय भाऊ, बोट नाय लावलं. जू लागलंय. रोज जुंपल्यावर दुसरं काय व्हनार?”

द्वारकाबाईनं हळदीची वाटी खाली ठेवली. “तुमी पराणीनं टोचत व्हता, तवा बी एवढं लागलं नव्हतं त्याला.”

पुंडलिकला लाज वाटली. अगदी खरी वाटली, आणि सकाळपर्यंत टिकलीसुद्धा.

सकाळी संस्थेची माणसं कॅमेरा घेऊन दारात उतरली. बैलांची शिंगं रंगवलेली, गोंडे बांधलेले. झूल खरं तर पाठीवर असते. पुंडलिकनं ती वशिंडावरून पुढं ओढून पार मानेपर्यंत घेतली. द्वारकाबाई घराबाहेर आलीच नाही.

“पुंडलिकराव, शेतकऱ्यांना काय सांगाल?”

“एवढंच सांगतो, बैल म्हंजे घरातलं माणूस. आमच्या बैलाच्या अंगावर ओरखडा दाखवा, मी बोलणं सोडून देईन.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हात जरा खांद्यावर ठेवा, फोटो छान येईल, असं कुणीतरी म्हणालं. पुंडलिकनं हात ठेवला. पाखऱ्याचं अंग थरथरलं, तसा त्यानं दुसऱ्या हातानं कासरा आखूड केला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला.