मुलाण्याची पोर रगताला भ्यायली

सिकंदर मुलाण्याची रुक्सार डॉक्टर होणार, हे रुक्सारच्या निकालाआधीच सगळ्या आष्ट्याला समजलं होतं. दहावीच्या पूर्वपरीक्षेत ती विज्ञानात पहिली आली आणि शाळेच्या विजयमाला मॅडमनी बापलेकीला समोर बसवून पुढची सगळी वाट आखून दिली. अकरावी-बारावी कराडला, राहायला मुलींचं वसतिगृह, जोडीला नीटचा क्लास आणि नंबर लागला की मिरजेचं सरकारी कॉलेज. मॅडम इतक्या ठामपणे बोलत होत्या, की सिकंदरला वाटलं, पोरगी आता दुपारच्या एसटीनंच मिरजेला निघाली. उठता उठता मॅडम म्हणाल्या, "आणि हिचं एक बरं आहे. बाकीच्या पोरी रक्त बघून घाबरतात. मुलाण्याच्या घरात वाढलेल्या पोरीला रक्ताचं काय भय?"

सिकंदर हसला. रुक्सारही हसली, पण नुसती तोंडदेखली.

कारण खरी गोष्ट नेमकी उलटी होती. सिकंदरचं बाजारात मटणाचं दुकान, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जत्रा असली की बकऱ्याला सुरी लावायचा मान त्याच्या घराण्याचा. मुलाण्यानं सुरी लावल्याबिगर मोठ्यातल्या मोठ्या घरातसुद्धा मटण चुलीवर चढत नाही, ही इकडची रीत. देवी त्यांची, सुरी ह्याची, आणि पंगतीला सगळेच. अशा माणसाची ही एकुलती एक लेक रक्ताचा थेंब बघितला की पांढरीफटक पडायची. दुकानावर निरोप द्यायचा झाला तर ती समोरून जायची नाही, मागच्या बोळातून हाक मारायची. बकरी ईदच्या सकाळी तिचा अभ्यास नेमका उतू जायचा आणि ती पुस्तक घेऊन माळ्यावर चढायची. शाळेत रक्त तपासायला बाया आल्या, त्या दिवशी ही पोटदुखीचं निमित्त काढून घरी पळाली. आणि एवढं सगळं करून रात्री ताटात रस्सा आला की दोन वाट्या ओढायची. तिच्या आईला, चांदबीला वाटायचं, पोरगी वासाला नाजूक आहे, दुसरं काय.

बरं, डॉक्टर व्हायचं खूळ मॅडमनी तिच्या डोक्यात घातलं होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. चांदबीला दमा. रात्ररात्र उशी पोटाशी धरून ती बसून काढायची. तिला घेऊन रुक्सार लहानपणापासून माया डॉक्टरांच्या दवाखान्यात जायची. एकदा डॉक्टरांनी आपल्या नळ्या हिच्या कानाला लावून दिल्या आणि आईच्या छातीत दूर कुठेतरी वाजणारी शिट्टी तिला ऐकवली. मग औषधाची वाफ दिली आणि पुन्हा ऐकवलं. शिट्टी थांबली होती. आईनं सुखाचा श्वास घेतला, तेव्हा ही पोर दवाखान्यातच रडायला लागली. त्या दिवसापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. म्हणून तर एवढी भीती. नको असलेली गोष्ट हातची गेली तर कोण कशाला झुरतं?

दहावीची परीक्षा संपली आणि भीतीला सवडच सवड मिळाली. शेजारच्या पूजानं मोबाईलवर कुठल्यातरी मेडिकलच्या मुलीचा व्हिडिओ लावला. पांढरे कोट, लांब टेबल, टेबलावर झाकलेलं काहीतरी. कापड बाजूला सरकायच्या आत रुक्सारच्या कानात भुंगे सुरू झाले आणि तिनं उंबऱ्यावर बसकण मारली.

"काय झालं गं?"

"पूजा, मला रगत बघवत न्हाई."

पूजानं तिच्याकडे टक लावून बघितलं आणि मग पोट धरून हसली. "तुला? आगं तू मुलाण्याची हाईस! उद्या कोष्ट्याची पोर म्हनंल, मला सुताचं भ्या वाटतंय!"

जिवाभावाच्या मैत्रिणीलाही खरं वाटत नाही, तर बापाला कसं वाटेल? आणि बाप तर काय, कापायला आणि तोलायला बसला की गिऱ्हाइकाला आधी पोरीची गोष्ट सांगायचा आणि मग वजन. "कराडला घालतोय. डॉक्टरकीला." मटण घेणारी माणसं मान डोलवायची. रुक्सार बोळात उभी राहून हे ऐकायची आणि निरोप न देताच परत फिरायची. आपण सगळ्यांना फसवतोय असं तिला वाटे. कधी वाटे, जीवशास्त्र सोडून गणित घ्यावं. कराडला इंजिनिअरिंगचं कॉलेजही आहेच, कुणी काही म्हणणार नाही. पण नुसत्या त्या विचारानं तिचा जीव कळवळायचा, जणू कुणी आपलं माणूस गाडीत बसवून पाठवून दिलं.

सोमवारी सिकंदर कराडला जाऊन कॉलेज आणि वसतिगृहाचं बोलून येणार होता. तिथं विषय सांगायचे होते. आदल्या दिवशी, रविवारी, सुभेदारांच्या गावची जत्रा. जोतीराम सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन ऊस करणारे, सिकंदरचे जुने दोस्त. त्यांच्या वस्तीवर दरसाल पहिली सुरी सिकंदरची.

रुक्सारनं मनाशी ठरवलं. एकदा, फक्त एकदा, डोळे उघडे ठेवून सगळं बघायचं. निभावलं तर जीवशास्त्र. नाही निभावलं, तर संध्याकाळी अब्बांच्या पाया पडून खरं सांगायचं आणि गणित घ्यायचं. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी चांदबी नवऱ्याची न्याहारी बांधत होती. "मी पोचवते, अम्मी," म्हणून रुक्सारनं डबा उचलला आणि सायकल काढली. चांदबी बघतच राहिली. उसामधल्या रस्त्यानं ती निघाली. दोनदा ती थांबली, दोनदा परत फिरावंसं वाटलं. वस्तीवर गडबड चालली होती. बाया कांदा चिरत होत्या, मंडपात भोंगा वाजत होता. गोठ्याच्या मागं, चिंचेखाली, पुरुषमाणसांचा घोळका. बाईमाणूस तिकडं कुणी फिरकत नाही. रुक्सार पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. तिथून तिला बाप दिसत होता. तो बकऱ्याला थोपटून काहीतरी पुटपुटत होता, आवाज अगदी हळू, घरी चांदबीला दम लागल्यावर जसा करायचा तसा.

बघायचं, ती स्वतःला म्हणाली. डोळे मिटायचे नाहीत.

तिनं मिटले नाहीत. पहिली लाल धार तिला दिसली. मग भोंग्याचा आवाज लांब गेला, चिंचेच्या फांद्या खाली यायला लागल्या, आणि रुक्सार डब्यासकट पिंपावर कोसळली. पिंपावरचं पितळी भगुलं दगडावर असं आदळलं, की सगळा घोळका दचकला. सिकंदरनं मान वळवली. पोर जमिनीवर पडलेली बघितली, आणि एवढ्या वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. सुरी त्याच्या डाव्या तळहातावरून फिरली.

शुद्धीवर आली तेव्हा ती सुभेदारांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर होती. शेजारी बाप, हाताला पंचा गुंडाळलेला. पंचा पांढरा राहिला नव्हता. तिनं झटकन मान फिरवली.

"माझ्यामुळं झालं, अब्बा."

"गप, गं. बकऱ्यानं हिसका दिला."

स्टिअरिंग फिरवता फिरवता सुभेदार मोठ्यानं म्हणाले, "हिसका कसला? पोरगी रगत बघून पडली की रं! लेका सिकंदर, मुलाण्याची पोर आनि रगताला भ्याली? गावाला सांगितलं तर कोन इस्वास ठिवनार न्हाई!" आणि ते फौजी हसणं हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सिकंदर हसला नाही. त्यानं पोरीकडं बघितलं.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. रुक्सार खिडकीबाहेर बघत बोलत सुटली. "व्हय अब्बा. लय भ्या वाटतंय. आजचं न्हाई, पयल्यापासनं. मी ईदला माळ्यावर पळायची ती त्याच्यासाठीच. मला डॉक्टर व्हायचंय आनि मला रगत बघवत न्हाई. मी काय करू?" आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. सुभेदारांचं हसू विरलं. सिकंदरनं हाताचा पंचा आणखी आवळला. झालं, संपलं, असं तिला वाटलं.

माया डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता, पण सिस्टर जत्रेला गेलेली. डॉक्टरांनी पंचा सोडून बघितलं. बोटं हलतायत, शीर वाचलीय, पण टाके घालावे लागतील. "एकटीनं करायचं म्हणजे कुणीतरी हात घट्ट धरायला पाहिजे," त्या म्हणाल्या. सुभेदारांनी मोबाईल कानाला लावला आणि कुणाचा फोन आलेला नसताना बोलत बोलत ते बाहेर सटकले.

"रुक्सार, इकडे ये. मनगट धर."

ती गेली. बापाचं मनगट तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि समोरच्या कॅलेंडरवर नजर लावली. तेव्हा तिला कळलं, की हात थरथरतोय, आणि तो तिचा नाही. सिकंदरच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. डॉक्टरांच्या हातातली सुई बघून त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं आणि डोळे गच्च मिटून घेतले होते. बधिर करायची सुई जवळ आली तसा त्यानं हात असा काही ओढला, की डॉक्टर ओरडल्या, "सिकंदरभाई! हलायचं नाही!"

"टोचली का? काय करत्यात गं त्या?" सिकंदरनं विचारलं. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"काय न्हाई, अब्बा," रुक्सार कॅलेंडरला म्हणाली.

"तू बघंनास. मला कळतंय तू बघंनास. बघून सांग, बाई. काय चाललंय ते कळलं न्हाई की मला जास्ती भ्या वाटतंय."

रुक्सारनं मान वळवली. उघडा तळहात, आणि त्यातलं ते सगळं. खोली कलली. "खाली बस," माया डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "स्टुलावर बस आणि डोकं गुडघ्याकडे ने. लांब श्वास घे. हात मात्र सोडू नकोस." तिनं तसं केलं. हात सोडला नाही. भुंगे थोडे कमी झाले तसं तिनं पुन्हा वर बघितलं.

"सुई टोचली, अब्बा. आता बधिर हुईल." तिचे दात वाजत होते. "आता धुवाय लागल्यात. रगत पुसलं. आता… आता बाकदार सुई घेतलीया."

"लय मोठी हाय?"

"न्हाई. अम्मीच्या गोधडीच्या सुईपरीस बारीक."

"मग?"

"आत गेली. ह्या बाजूनं बाहेर आली. दोरा ओढला. गाठ मारली. अब्बा, कडा मिळाल्या. खरंच मिळाल्या." पुन्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. तिनं मान खाली घातली, श्वास घेतला, वर बघितलं. पुढचा टाका. ती सांगत गेली. कधी आवाज चिरकला, कधी शब्द सापडेना, पण सांगायची थांबली नाही. सिकंदरचा हात हळूहळू सैल पडला आणि जागेवर राहिला.

पट्टी बांधून झाली तशी रुक्सार उठली, धावत बाहेर गेली आणि दवाखान्याच्या पायरीशी भडाभडा ओकली. सुभेदार जीपपाशी उभे होते. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. चूळ भरून ती पायरीवर बसली, तोवर सिकंदर गळ्यात हात अडकवून बाहेर आला आणि तिच्याशेजारी टेकला. त्याचाही चेहरा अजून उतरलेलाच होता.

"बघितलंत न्हवं," ती म्हणाली. "वकारी आली मला. असली डॉक्टर कुनाला पायजे?"

सिकंदर पट्टीकडं बघत म्हणाला, "आजपातुर म्या किती बकरी धरली आसतील. पन आज मला कुनी धरलं, तवा भ्या काय ते कळलं. आत माझा जीव थाऱ्यावर न्हवता, रुक्सार. तू बघून सांगत हुतीस, म्हनून म्या हाललो न्हाई."

रुक्सारनं ओढणीनं तोंड पुसलं.

"उद्या कराडला जाशीला तवा बायालॉजीच सांगा," ती म्हणाली. "पन मला लय भ्या वाटतंय."

"मलाबी," सिकंदर म्हणाला.