फळ्यावर न मावलेलं वाळवंट

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि वाळवंट एकदाही पाहिलं नाही. मंडईजवळच्या आमच्या शाळेत नववीला वाऱ्याच्या कार्याचा धडा असे. फळ्यावर चंद्रकोर काढायची, खाली 'बारखाण' लिहायचं, वारा कुठून येतो ते बाणाने दाखवायचं. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलीय का अशी टेकडी?"

"मी पाहिली नाही म्हणून परीक्षेत यायची राहणार नाही. लिहून घे," मी म्हटलं. वर्ग हसला. मला मात्र ते लागलं होतं.

माझी मैत्रीण हडपसरच्या शेतकरी घरातली. अकरावीपासून आम्ही एका बाकावरच्या. पुढे ती नर्स झाली, नवरा गेल्यावर मस्कतला एका हॉस्पिटलात लागली आणि बावीस वर्षं तिथेच राहिली. मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यात तिचा फोन आला.

"मार्चमधी मी कायमची परत येतीय. त्याच्या आत ये."

"येऊन करू काय?"

"वाळवंट बघ की! जन्मभर पोरींना सांगितलंस."

मस्कतला ती मला घ्यायला आली ती स्वतः गाडी चालवत. एका सहकाऱ्याची भलीमोठी फोर-व्हील तिने दोन दिवसांसाठी मागून आणली होती. शहर पांढरंशुभ्र, बुटकं, समुद्राला धरून पसरलेलं. पण माझी नजर घरांवर ठरेना. प्रत्येक गल्लीच्या टोकाला करपलेल्या भाकरीच्या रंगाचे डोंगर उभे होते. झाड नाही, गवताची काडी नाही. आपल्याकडे सिंहगडही उन्हाळ्यात उघडा पडतो, पण त्याला माती असते. इथे नुसती हाडं. मी तिला गाडी थांबवायला लावली आणि त्या खडकावर हात ठेवला. हा खडक कधीकाळी समुद्राच्या तळाखाली होता, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हाताला तो ऊन लागला. हात काढवेना.

"अगं, अजून वाळवंट यायचंय," ती म्हणाली. "सगळं इथंच नको संपवूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दुपारी वाळवंटाच्या कडेच्या गावात एका टायरवाल्याने खुणेने विचारलं, वाळूत रुतू नये म्हणून चाकांची हवा कमी करू? मैत्रिणीने हात हलवून नको म्हटलं. "आपल्याला काय लांब जायचंय? मला सगळं म्हाईत हाय."

डांबरी रस्ता संपला आणि समोर टेकड्या आल्या. मी चंद्रकोरी शोधत होते. चंद्रकोर एकही नव्हती. वाळूच्या लांबच लांब रांगा होत्या, एकीमागे एक, नजर पोचेल तिथवर, उजवीकडे तांबूस, डावीकडे मधासारख्या. या प्रकाराचं नावही धड्यात होतं. त्यावर दोन गुणांचा प्रश्न यायचा, म्हणून मी तो दोन वाक्यांत उरकायचे.

दहाच मिनिटांत गाडी रुतली. मैत्रिणीने ॲक्सिलरेटर दाबला तशी चाकं आणखी खाली गेली. तिने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"आता?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत! मी तरी कुठं आलेय इथं आधी?"

"बावीस वर्षांत?"

"सुट्टी मिळाली की पुण्याला पळायचे. न्हाईतर झोपायचे."

रागवावं की हसावं, कळेना. तेवढ्यात वाळूवरून एक जुनी पिकअप आली. आतून उतरली ती सत्तरीची बाई. तोंडावर तिथल्या वाळवंटातल्या बायका घालतात तसा चोचीसारख्या उभ्या पट्टीचा काळा मुखवटा, त्यातून फक्त डोळे दिसणारे. मैत्रिणीला येत होतं ते हॉस्पिटलातलं अरबी. घाबरून ती तेच बोलली. म्हातारी पोट धरून हसली. मैत्रीण मला हळूच म्हणाली, "मी तिला विचारलं, कुठं दुखतंय?"

पण म्हातारीने खरंच गुडघा पुढे केला. मैत्रीण वाळूत बसली, गुडघा दाबून पाहिला, कसा शेकायचा ते दाखवलं. मग म्हातारीने पिकअपमधून थर्मास काढून वेलदोड्याची कॉफी आणि खजूर दिले, आमच्या चारी चाकांची निम्मी हवा सोडली आणि चावी मागितली. आम्ही मागे बसलो. तिने गाडी थोडी मागे घेतली, अंदाज घेतला आणि सरळ टेकडीवर घातली. समोरच्या काचेत नुसतं आभाळ. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला होता.

वर माथ्यावर गाडी थांबली. सूर्य कलला होता. एक बाजू उतरती, दुसरी कड्यासारखी, मधली धार सुरीने कापल्यासारखी. त्या धारेवरून वाळूचा धूर निघत होता. मी खाली बसून हात टेकवला. बघता बघता बोटं वाळूखाली गेली. ही अख्खी टेकडी चालत होती. शाळा नव्हती, पुणं नव्हतं, तेव्हापासून चालत होती आणि कुणी बघावं म्हणून थांबत नव्हती. माझ्या डोळ्यांना धार लागली. दुःख कसलंच नव्हतं. एवढं मोठं काही आपल्यासमोर आहे आणि आपण तिथे आहोत, एवढंच होतं.

मैत्रीण शेजारी येऊन बसली. म्हणाली, "लोकांना सांगायचे, मी मस्कतला असते. कुठली मस्कतला? वॉर्डात होते मी."

म्हातारी जरा दूर पाय पसरून बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही, घाईही केली नाही. उजेड असेतो तिने आम्हाला खाली आणलं, मग पिकअपमध्ये बसून डांबरी रस्त्यापर्यंत पुढे वाट दाखवत गेली आणि हात हलवून परत वाळूत वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीने वॉर्डात फोन केला आणि शिल्लक होती ती सगळी रजा मागितली. मी एका आठवड्यासाठी गेले होते, सव्वीस दिवस राहिले. रोज सकाळी ती नकाशा माझ्या मांडीवर टाकायची आणि म्हणायची, "बाई, आज कुठं?"